आभाळातलं पेव

टाकीवर कोणीतरी चढायचं होतं, आणि ते कोणीतरी म्हणजे माझा नवरा. म्हणून मी त्या प्रवासाला निघाले. हौस म्हणून नाही.

या ब्लॉगवर मी हंपी लिहिलं, चिखलदरा लिहिलं, काशीच्या गल्ल्यांतली कचोरीसुद्धा सोडली नाही. वाचक विचारतात, आजी, तुमचा पहिला प्रवास कुठला? तर तो यवतमाळहून दारव्ह्याच्या बाजूच्या एका गावाचा. महाराष्ट्र राज्य नवं नवं होतं आणि आमच्या लग्नाला सहा महिने झाले होते. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या माणसांची लेकरं-नातवंडं अजून तिथेच राहतात.

नवऱ्याचं नाव मनोहर. तेव्हा बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. आता ते नाहीत आणि मी ऐंशी पार केली, तेव्हा खुशाल घेते. कोण काय करणार आहे मला? मनोहर रत्नागिरीकडचे, बांधकाम खात्यात सब-ओव्हरसिअर म्हणून यवतमाळला आले आणि माझ्या वडिलांच्या शेजारची खोली भाड्याने घेतली. पुढचं तुम्ही समजून घ्या. या माणसाला उंचीची भीती होती. साधीसुधी नाही. आमच्या गच्चीवर वाळवणाच्या कुरडया राखायला बसवलं, तर भिंतीला पाठ लावून बसायचे आणि तिथूनच कावळ्यांना हाकलायचे. कोकणातला माणूस, पण जन्मात माडावर चढला नाही. हे फक्त मला ठाऊक होतं.

एक दिवस कचेरीतून कागद आला. त्या गावची जुनी पाण्याची टाकी बियाण्याच्या ज्वारीसाठी वापरतात, ती आतून-बाहेरून स्वतः पाहून दाखला द्यावा. आधीच्या तिघांनी खाली उभं राहून सह्या ठोकल्या होत्या. उंटावरून शेळ्या हाकण्यातला प्रकार. मी म्हणाले, "तुम्हीही तसंच करा. कोण बघायला येतंय?"

"न बघता सही करणार नाही," मनोहर म्हणाले.

"मग चढणार?"

"चढावं लागेल."

एवढं बोलून ते पानातला भात चिवडत बसले. हा माणूस बोलला की करणार, आणि केलं की मधल्या पायरीवर डोळे फिरून खाली येणार, हे मला लख्ख दिसत होतं. मी म्हणाले, मीपण येते. ते म्हणाले, तपासणीला बायको घेऊन कोणी जातं का? मी म्हटलं, कोणी जात नसेल तर मी पहिली.

यवतमाळहून सकाळची गाडी धरली. तीच ती लहान रुळांची, वाफेच्या इंजिनाची. तिकीट रुपयाच्या आत होतं. नवे पैसे येऊन काही वर्षं झाली होती, तरी खिडकीवर सगळे आणेच मोजायचे. गाडीची चाल अशी, की वाटेत लोक उतरून बोरं वेचून परत चढत. दोन्ही बाजूला वेचणी चाललेली, कापूस फुटून पांढरी झालेली वावरं. मी भाकरी, वांग्याची भाजी आणि लसणाची चटणी बांधून आणली होती. एरवी चटणीवर तुटून पडणारा माणूस त्या दिवशी भाकरीचा तुकडा हातात धरून लासिन्यापासून दारव्ह्यापर्यंत बसला. ती गाडी आता बंद पडली आहे. तुम्हाला जायचं असेल तर यवतमाळहून एसटी सोयीची, रस्ताही बरा आहे.

दारव्हा स्टेशनावर टाकीत बियाणं ठेवणाऱ्या गावच्या सोसायटीने छकडा पाठवला होता. हाकणारे धनसिंगबाबा, जवळच्या तांड्यावरचे बंजारा शेतकरी. सत्तरीचे असतील, पण बैलांच्या पुढे चालत निघाले. त्यांचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरलेले. बाबांनी मात्र वावर धरलं होतं, आणि त्यांच्या वावरातलं बियाणंही त्या टाकीतच जायचं. दोन-अडीच तास रस्ता धुळीचा. वाटेत एका वावरात त्यांनी आम्हाला हुरडा खाऊ घातला, गोवऱ्यांच्या आरावर भाजलेला, हातावर चोळून दिलेला. मी खाल्ला. मनोहरांनी चार दाणे तोंडात टाकले.

मग एका चढावर गाडा आला आणि गावाआधी टाकी दिसली.

खाली गोल दगडी मनोरा, चांगला तीन माळ्यांइतका, त्यावर लोखंडी टाकी आणि बाहेरून उभी शिडी. मनोहरांनी एकदा पाहिलं आणि तोंड फिरवून बैलांच्या शिंगांकडे बघत बसले. मला राहवेना. "बाबा, तुमच्याकडे जाड दोर आहे का?"

"मोटेचा नाडा हाय. काहून?"

"उद्या साहेबांच्या कमरेला बांधायचाय."

बाबांनी वळून मनोहरांकडे पाहिलं. हसले नाहीत. "नवाच हाय नाडा," म्हणाले, "दोन बैलाईचा जोर घेते. साहेबाचं वजन तं काहीच नाई."

सोसायटीच्या कचेरीतली एक खोली आम्हाला दिली होती. संध्याकाळी अजीज मिस्त्री आले. टाकीची देखभाल त्यांच्याकडे. त्यांच्या वडिलांनी तिच्या पत्र्यांना रिव्हेट मारलेले, तेव्हा टाकीबद्दल ते घरच्या म्हातारीबद्दल बोलावं तसं बोलत. इंग्रजी अमदानीत जिनिंग-प्रेसच्या इंजिनांसाठी ती बांधली. उरलेलं पाणी गावाला एका नळातून मिळायचं, आणि त्या एका नळावर अख्ख्या गावाची भांडणं व्हायची. पुढे प्रेस बंद पडली, गावाला सिमेंटची नवी टाकी आली, आणि ही कोरडी पडली. पंधरा ऑगस्टला तिच्यावर झेंडा लागायचा, एवढंच काम. मग एका साली गोदामातलं निम्मं बियाणं उंदरांनी खाल्लं.

"तवा या धनसिंगबाबाच्या डोक्यात आलं," मिस्त्री म्हणाले. "उंदीर दगडावर चढते, पण टाकीचा पत्रा भायेर निंगाला हाय ना, तिथून उलटा पडते. ज्वारी भरली वरून, काढाले खालचा जुना पाइप. तीन साल झाले साब, एक दाना नाई गेला."

"पेवच केलं आम्ही," बाबा दारातून म्हणाले. "जमिनीतलं वर नेलं. आभाळातलं पेव."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी: पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. तोंड अरुंद, आत पोट मोठं. धान्य भरून तोंड माती-शेणाने लिंपून टाकायचं. टाकीचं झाकणही ते तसंच लिंपत.

मनोहरांनी विचारलं, आतून शेवटचं कोणी पाहिलं? मिस्त्री म्हणाले, पेरणीच्या वेळी माल काढला, तळाला थोडा राह्यला, पाइप चोंदला म्हणून सोडून दिला. झाकण लिंपलं. त्यानंतर पावसाळा गेला, दिवाळी गेली, कोणी उघडलं नाही. आता नवी ज्वारी भरायची तर दाखला पाहिजे. मिस्त्रींचा सूर असा, की साहेबांनी चहा घ्यावा आणि सही करावी. मनोहर म्हणाले, "सकाळी वर जाऊ." मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी पदराशी चाळा करत बसले.

सकाळी ऊन तापायच्या आत टाकीखाली गेलो. जिन बंद, आजूबाजूला चिटपाखरू नाही. नाडा मी स्वतः यांच्या कमरेला बांधला. काखेतून घेऊन पाठीवर गाठ मारली आणि दोनदा ओढून पाहिली. मिस्त्री आधी चढले. वरच्या कठड्याला एक वेढा देऊन नाड्याचं टोक त्यांनी धरलं. मग मनोहर.

शिडीला बेचाळीस दांडे होते. मला अजून आठवतात, कारण प्रत्येकावर त्यांचा पाय पडला की मी मनात आकडा म्हणत होते. सोळाव्यावर ते थांबले. कपाळ लोखंडाला टेकवलं. मी खालून काही बोलणार, तर बाबा म्हणाले, "बोलू नका बाई. बोललं तं खाली पाह्यतीन." मी ओठ दाबून धरले. किती वेळ गेला देव जाणे. मग पाय उचलला. सतरा. अठरा. तिसाव्यावर परत थांबले, चपलेने दांडा चाचपला. मी मनात सगळे देव गोळा केले, ज्यांना कधी हळदकुंकू वाहिलं नव्हतं तेसुद्धा. बेचाळिसावा झाला, मिस्त्रींनी दंड धरून वर घेतलं, आणि मनोहर कठडा धरून मटकन खाली बसले.

मी जमिनीवर बसले. हसू यायला लागलं. थांबेना. जीव इतका हलका झाला होता, की त्या क्षणी मला कोणी शिव्यांची लाखोली वाहिली असती तरी मी हसले असते. तुम्ही हे लक्षात ठेवा. मला पुढे त्यावाचून काही सबब नाही.

वर मिस्त्री छिन्नीने झाकणाचं लिंपण फोडत होते. झाकण सरकल्याचा आवाज आला, आणि मिस्त्री ओरडून म्हणाले, "माल आंबला साब. वास येऊन राह्यला."

बाबा बैलांना कडबा टाकत होते. ते उठून माझ्याजवळ आले. "बाई, त्याईले इचारा, दिवा सोडला का आत?"

आता हा नियम सांगते. पेव उघडलं की त्यात लगेच माणूस उतरवत नाहीत. एक दिवस तोंड उघडं ठेवतात, मग दोरीने पेटता कंदील सोडतात. कंदील विझला, तर माणूसही विझणार. आत मोड आलेलं, आंबलेलं धान्य हवा खाऊन टाकतं. वणीकडे माझ्या आजोबांच्या अंगणात दोन पेवं होती. कंदील सोडायचं काम लहानपणी माझंच होतं, कारण माझा हात हळू होता. म्हणजे मला हा नियम कोणी शिकवायची गरज नव्हती.

आणि मी काय म्हणाले? हसतच म्हणाले, "अहो बाबा, हे काय जमिनीतलं पेव आहे? चांगलं उघड्या आभाळात आहे की. वर वाराच वारा."

बाबांनी मग स्वतः मान वर करून तेच मिस्त्रींना विचारलं. मिस्त्रीही हसले. "एवढं ऊन हाय इथं, दिवा कायले?"

काल याच माणसांनी त्याला पेव म्हटलं होतं. लिंपलं पेवासारखं, भरलं पेवासारखं. पण उंच होतं ना. आमच्या सगळ्यांची भीती शिडीवर खर्च झाली होती.

आधी मिस्त्री आत उतरणार असं ठरलं होतं. पण मनोहर म्हणाले, मी जातो. मला लगेच कळलं का ते. आत गेलं की चहूबाजूंनी पत्रा, खाली तळ, आभाळ दिसणार नाही. त्या माणसाला कठड्यावर बसण्यापेक्षा त्या अंधारात सुख वाटत होतं. घाईघाईने पाय आत टाकले. टाकी खोल दीड पुरुष. त्यांचा आवाज पत्र्यातून घुमून आला, "इथे बरं वाटतंय." लग्नानंतर पहिल्यांदाच इतक्या खुशीत बोलताना ऐकलं मी त्यांना. मग म्हणाले, "तळाचा पत्रा शाबूत दिसतो." मग म्हणाले, "मिस्त्री, जरा..."

पुढे काही नाही.

मी वाट पाहिली. पत्रा तपासत असतील म्हटलं. बाबा बैलांकडे जायला वळले होते ते थबकले. "आवाज द्या बाई."

मी हाक मारली. "अहो." परत मारली. मिस्त्रींनी झाकणातून डोकं घातलं. "साब बसले," म्हणाले. आणि लगेच, दुसऱ्याच आवाजात, "साब पडले." त्यांनी नाडा सोडला नाही, पण एक पाय आत टाकला.

"पाय काढ," बाबा ओरडले. त्या म्हाताऱ्या छातीतून एवढा आवाज निघेल असं वाटलं नव्हतं. "मिस्त्री, पाय काढ भायेर. तूही मरशीन. तोंडबी घालू नोको आत. नाडा ओढ."

मग मीही तेच ओरडायला लागले, उतरू नका, उतरू नका, आणि ओरडत ओरडत शिडी चढत होते. लुगड्याचा काचा कधी मारला आठवत नाही. दांडे मोजले नाहीत. वर पोचले तेव्हा मिस्त्री नाडा ओढत होते आणि तो दोन हात येऊन परत एक हात सरकत होता. एकट्या माणसाचं काम नव्हतं. मी नाड्याला लटकले. तळहाताची कातडी निघाली ती नंतर कळलं. वजन वर येत होतं, पण इतकं सैल, इतकं मुकाट, की ते माझ्या नवऱ्याचं आहे असं वाटेना. आधी डोकं आलं. मान एका बाजूला पडलेली. मग खांदे झाकणाच्या तोंडात अडकले. मिस्त्रींनी श्वास रोखून हात आत घातला, एक खांदा तिरका केला, आणि "खिचो बाई" म्हणाले. मी पाय कठड्याला लावून ओढलं. मनोहर बाहेर आले आणि पत्र्यावर पडले.

ओठ जांभळे. डोळे अर्धे उघडे. मी नाव घेतलं, सहा महिन्यांत पहिल्यांदा. खालून बाबा सांगत होते, पालथा करा, पाठ चोळा, वारा लागू द्या. मिस्त्रींनी पालथं करून पाठीवर दाब दिला, सोडला, परत दिला. मी पदराने वारा घालत होते. उघड्या आभाळात, तेवढ्या वाऱ्यात, मी त्यांना पदराने वारा घालत होते. पाठ जरा हलली. मग खोकला आला, मग ओकारी, मग एक लांब श्वास, विहिरीतून पोहरा यावा तसा ओढून काढलेला. मी तिथेच रडायला बसले.

डोळे उघडल्यावर त्यांनी आभाळ पाहिलं आणि दोन्ही हातांनी कठडा पकडला. पहिलं वाक्य बोलले ते हे: "मला खाली कसं नेणार?"

नाड्यानेच नेलं. मिस्त्री वरून धरून, मी त्यांच्या खाली राहून त्यांचा पाय एक-एक दांड्यावर ठेवून देत. बाबांनी खाली बैलाची झूल अंथरली होती. त्यांनी कांदा फोडून नाकाशी धरला, गुळाचं पाणी दिलं. मी वाट पाहत होते की आता ते म्हणतील, बाई, मी इचारलं होतं. मिस्त्रीही तीच वाट पाहत असावेत. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नव्हतो. बाबा एवढंच म्हणाले, "साहेबाच्या पोटात काही घाला. कालपासून जेवले नाई ते."

तो दिवस तिथेच काढला. दुसऱ्या दिवशी बाबांनीच स्टेशनावर पोचवलं. वाटेत मनोहर त्यांना सांगत होते, हिने ओरडून मिस्त्रींना थांबवलं, नाहीतर दोघे गेलो असतो. बाबा बैलांना हाकत "व्हय, व्हय" करत होते. स्टेशनावर मी त्यांच्या पायाला हात लावला. त्यांनी पाय मागे घेतला, "राहू द्या माय," म्हणाले. मला त्यांच्या तोंडाकडे बघवलं नाही. त्यानंतर मी त्या गावाला कधी गेले नाही, बोलावणी येऊनही.

तळहातांना पट्ट्या होत्या म्हणून घरी पहिले चार दिवस मनोहरांनीच चहा केला. पाचव्या दिवशी ते अहवाल लिहायला बसले. दाखला दिला, पण अटी घालून. टाकीच्या कुशीला तळाशी दार कापावं, समोरासमोर दोन झरोके ठेवावेत, आणि उघडल्यावर कंदील सोडून पाहिल्याशिवाय कोणी आत उतरू नये. सोसायटीने दार कापलं. पुढची काही वर्षं टाकीत बियाणं राहिलं आणि माणसं त्या दारातून उभ्याने आत-बाहेर करत, असं मिस्त्रींच्या पोस्टकार्डावरून कळायचं.

कंदिलाची अट लिहिताना मनोहर थांबले. हे त्यांना मिस्त्रींनी निघताना सांगितलं होतं, पेवाचा जुना नियम म्हणून. कोणी विचारलं होतं आणि कोण हसलं होतं, ते मिस्त्रींनी सांगितलं नव्हतं. मनोहरांनी टाक खाली ठेवला आणि मला विचारलं, "अगं, तुझ्या आजोबांकडे पेवं होती ना? तुला नव्हतं का माहीत हे?"

संशय नव्हता हो त्यात. नुसतं विचारलं.

मी म्हणाले, "नाही. आम्हा मुलींना कुठे जवळ जाऊ द्यायचे."

त्यांनी मान हलवली आणि पुढे लिहायला लागले. जन्मभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले, हिच्यामुळे वाचलो. मी दर वेळी आत जाऊन चहाचं आधण ठेवत असे. त्यांच्याशी मी दुसरं कुठलंही खोटं बोलले नाही, आणि त्या एकाचं खरं सांगून टाकायला मला बेचाळीस वर्षं मिळाली होती.